लाटण्याचा निरोप

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि तिथल्या बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी मंडळाला बड्या साहेबांची चटक लागली. पहिल्याच पंधरा ऑगस्टला झेंडा चढवायला अध्यक्षांनी एक साहेब हेरून ठेवले. मी, मंडळाचा सचिव, अडून बसलो. झेंडा पुरानी बस्तीतल्या काकूच चढवतील.

स्वातंत्र्याच्या लढ्यात काकूंनी निरोप पोचवले होते. तेव्हा त्या नव्या सून. बायका एकमेकींकडे पापड लाटायला जात, आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन. तशाच काकू निघत, निरोप तोंडपाठ करून. लाटणंवालीला शिपाई काय अडवणार? पण कागद नव्हता म्हणून पुरावाही नव्हता, आणि कुठल्याच सत्कारात काकू नव्हत्या.

बैठकीत माझी जीभ सैल सुटली. "नागपंचमीचा दिवस, चौकात बंदुका, आणि काकू लाटणं घेऊन..."

चहा आणणाऱ्या अध्यक्षीणबाई थबकल्या. "भाऊजी, नागपंचमीले लाटणं? त्या दिवशी आपल्यात काही लाटत नाहीत, चुलीवर तवाबी ठेवत नाहीत!"

सगळे हसले. "म्हणजे बाकीचंही असंच," अध्यक्ष म्हणाले. साहेब पक्के झाले.

तोंड पाडून काकूंकडे गेलो.

"मी तुले नागपंचमी सांगतली होती काय?"

"नाही. ती मी घातली."

"काहून?"

"जरा रंग यावा म्हणून."

"पोट्ट्या, निरोपात रंग भरला तर माणसं पकडल्या जातात." (पोट्ट्याची तेव्हा पन्नाशी उलटली होती.) "आता माझा निरोप ने. म्हण, झेंडा मी चढवीन. लाटणं घेऊन येऊन राहिली."

घोकताना मी हळूच 'कृपया' घुसवलं, तर काकूंनी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

अध्यक्षांना निरोप जसाच्या तसा ऐकवला. "म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. जिभेला भयंकर खाज सुटली होती. "निरोप एवढाच आहे," म्हणालो आणि तोंड शिवून घेतलं.

पंधरा ऑगस्टला साहेबांसाठी फाटकावर पोलीस. सचिवाचा बिल्ला मी घरीच विसरलेलो.

"भैया, हाथ ऊपर." शिपायाने खिशातून माझा सुपारीचा अडकित्ता काढला. "ये क्या हथियार है?"

मी अडकित्त्याची थोरवी सांगत होतो, तेवढ्यात मागून काकू आल्या. बगलेत पोळपाट, हातात लाटणं. शिपायाने धड पाहिलंही नाही. "जाओ अम्मा, रसोई पीछे है."

अम्मा रसोईकडे वळल्याच नाहीत. सरळ खांबापाशी गेल्या, साहेबांच्या पुढ्यातल्या टेबलावर लाटणं ठेवलं आणि दोरी धरली. अध्यक्षांनी लाटण्याकडे पाहिलं, मग फाटकावरच्या बंदोबस्ताकडे, मग माझ्याकडे. ते साहेबांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. साहेब उठले आणि बाजूला सरकले.

झेंडा उलगडला तेव्हा मी फाटकाबाहेर दोन्ही हात वर करून उभा होतो. त्यातला एक कपाळाशी नेला. शिपायानेही अडकित्ता डाव्या हातात घेतला आणि उजव्याने सलाम ठोकला.