तिने दोनदा नको म्हटलं होतं

माझी मुलगी लंडनजवळच्या हॅरोतच जन्मली, वाढली. मराठी बोलते, पण 'तो' आणि 'ती'चा घोळ घालते. विशीत तिला हिवाळ्यात बर्फाचे डोंगर चढायचं वेड लागलं, आणि त्याचं रीतसर प्रशिक्षणही तिने घेतलं. मी भूल देणारी डॉक्टर. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एकदा मलाही ने, म्हणून मीच मागे लागले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही दोघी स्कॉटलंडला गेलो.

खाली दरीत अजून गवत दिसत होतं, बर्फ फक्त वर. सकाळी तिने हिमस्खलनाचा अंदाज मोठ्याने वाचला. दोन दिवस नैर्ऋत्येचा वारा होता, त्यामुळे ईशान्येकडच्या उतारांवर बर्फ साचला होता. निघताना तिने एक फावडं माझ्या सॅकमध्ये कोंबलं. कशाला हे ओझं, म्हणून मी कुरकुरले.

डोंगराच्या धारेवरचा बर्फ वाऱ्याने उडून गेला होता. चालणं सोपं होतं. पण माथ्यावर पोचेपर्यंत दुपार झाली आणि माझा गुडघा धरला. साडेतीनला अंधारतं तिथे. धारेने परतायचं म्हणजे लांबचा फेरा. डावीकडे मात्र एक गुळगुळीत, पांढरा उतार थेट खालच्या वाटेला भिडत होता.

"इथून उतरू या," मी म्हटलं.

"नको, आई. वाऱ्याने आणलेला बर्फ आहे. खालच्या लेयरला तो चिकटली नाहीये."

"एवढासा तर उतार आहे."

"नको ना. आलो तसंच जाऊ."

"माझ्याच्याने होणार नाही. मोठ्या माणसांचं कधी ऐकणार आहेस की नाही?"

ती गप्प झाली. माझा तो सूर लागला की ती लहानपणापासून गप्प होते. मग म्हणाली, "मी आधी जाते. मी हात करेपर्यंत तू हलायचं नाही."

वीसेक पावलं गेली असेल. जड गादी आपटावी तसा आवाज आला. तिच्या वरच्या बाजूला बर्फात एक रेघ सरसर धावली आणि सगळा उतारच तिच्यासकट खाली गेला. मग काहीच नाही.

ती शेवटची दिसली तिथून मी नजर हलवली नाही. बसत, घसरत खाली पोचले. तिच्या काठीचं टोक वर आलेलं दिसलं आणि मी तिथेच फावडं चालवलं. श्वास बंद पडला की मेंदू किती मिनिटं तग धरतो, हे मी तीस वर्षं इतरांच्या उशाशी उभी राहून मोजलं होतं. बर्फ प्लास्टरसारखा घट्ट बसला होता. आधी टोपी लागली, मग चेहरा. ओठ निळे. तोंडातला बर्फ बोटाने काढला, आणि ती खोकली.

धारेवरच्या दोघा गिर्यारोहकांनी पाहिलं होतं. त्यांनीच फोन केला. बचाव पथकाने आम्हाला उतरवलं. तिचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं, दोन बरगड्याही.

"तुला सगळं माहीत होतं," हॉस्पिटलात मी विचारलं. "मग माझं का ऐकलंस?"

"मला तुला परत परत नाही म्हणता येत नाही, आई."

ऑपरेशन थिएटरमध्ये अगदी नवी नर्स 'थांबा' म्हणाली तरी मी थांबते. ज्युनिअर डॉक्टरांना वर्षानुवर्षं तेच शिकवलं. घरात मात्र ती मुभा मी कुणालाच दिली नव्हती.

हॅरोला परतलो. तिच्या बाबांनी दारातच विचारलं, "अगं, एवढं शिकलीस, तुला कळलं कसं नाही?"

ती मान खाली घालून म्हणाली, "सॉरी बाबा. माझी चूक झाला."

"नाही," मी म्हटलं. "तिला कळलं होतं. ती दोनदा नको म्हणाली. मीच ऐकलं नाही."

त्यांनी तिच्या खांद्यावरचा कोट अलगद उतरवून घेतला आणि बराच वेळ तो हातात धरून उभे राहिले.