टेकडीवरचा चर

एडिनबराच्या दक्षिणेला, बसच्या शेवटच्या स्टॉपच्या पुढे, कौन्सिलच्या मालकीची एक टेकडी आहे. म्हणजे वरचं गवत कौन्सिलचं, पर्यायाने सगळ्यांचं. खालचा दगड मात्र एका जमीनदार घराण्याचा, कारण जमीन विकताना त्यांच्या कुणा पूर्वजाने तो स्वतःकडे ठेवला होता. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मोठ्याने हसले. मग चिडले, आणि ती चीड अजून उतरलेली नाही. तुम्ही तिथे सतरंजी टाकून डबा खायला बसलात, तर ती जागा तुमची, पण फक्त मुळं जातात तिथपर्यंत. त्याखाली दुसऱ्याचा माल आहे आणि तुम्ही त्याच्या वाटेत बसलेले आहात.

घराण्याने तो दगड एका कंपनीला लीजवर दिला. कंपनीने खडीच्या खाणीची परवानगी मिळवली आणि मग वर्षानुवर्षं काहीही केलं नाही. भाव चढेपर्यंत थांबायचं होतं त्यांना. पण अशा परवानगीला मुदत असते. मुदतीत काम सुरू झालं नाही तर ती आपोआप रद्द. टेकडी वाचवायला उभ्या राहिलेल्या आमच्या समितीची सगळी भिस्त मुदत संपण्याच्या शुक्रवारावर होती. तो सरला की टेकडी सुटली.

समितीत मराठी आम्ही दोघंच. मी पुण्याहून मास्टर्सला आले आणि पत्रकं लिहिण्यात रमले. दुसरे काका, इथल्या हॉस्पिटलातून रिटायर झालेले डॉक्टर. त्यांचं घर टेकडीच्या अगदी पायथ्याशी, आणि काकूंना दमा. खाण सुरू झाली तर धूळ थेट स्वयंपाकघरात. मग घर विकायचं आणि लंडनला, ईलिंगमध्ये, मुलाकडे जायचं, असं मुलाने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. "त्याच्या अडगळीएवढ्या बॉक्सरूममध्ये पडून राहण्यापेक्षा मी त्या डिगरसमोर झोपेन," काका म्हणायचे.

त्या आठवड्यात बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला. "अगं, ये लवकर! मशीन आलंय. लहानसंच आहे, पण आलंय!"

मी पोचले तोवर काम संपत आलं होतं. बाथटबाएवढा एक चर. शेजारी मातीचा ढीग, आणि ड्रायव्हर थर्मासातला चहा पीत बसलेला.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच सांगितलंय," तो म्हणाला. "दुपारी मला एकाच्या परसात फरशीच्या पॅटिओसाठी खणायचंय. ते काम मोठं आहे."

काका तापले. "ही खाण? माझी बायको कोथिंबिरीसाठी याहून मोठा वाफा खणते!"

"मग तिलाच बोलवायला हवं होतं," ड्रायव्हर म्हणाला. "माझी चक्कर वाचली असती."

चळवळीत मला एक गोष्ट पढवली गेली होती: पत्रकावर कुणाला बोट ठेवता येता कामा नये. तारीख दिसू द्या, जागा ओळखू येऊ द्या, माणसाचा चेहरा असू द्या. म्हणून मी काकांना चराशेजारी उभं केलं, हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र दिलं, आणि मागे टेकडीच्या माथ्यावरचा खांब येईल असा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत पत्रक तयार. मथळा: 'ही म्हणे खाण!' आम्ही ते दारोदार टाकलं, वेबसाइटवर लावलं. लोक हसले. शुक्रवार सरला. काकूंनी समितीला घरी बोलावून शिरा खाऊ घातला.

मग आम्ही कौन्सिलला कळवलं की परवानगी संपली. कंपनी म्हणाली, नाही, काम बुधवारीच सुरू झालं. कौन्सिलने पुरावा मागितला. कंपनीकडे होता पाण्याने भरलेल्या खड्ड्याचा एक फोटो, तारखेशिवाय, तो कुठल्याही शेतातला असू शकला असता. आम्ही खूश. पुढच्याच पत्रासोबत त्यांच्या वकिलाने आमचं पत्रक जोडलं.

कौन्सिलच्या अधिकाऱ्याने ते आमच्यासमोर ठेवलं. माणूस वाईट नव्हता, त्यामुळे जास्तच राग आला.

"फोटो फारच स्पष्ट आहे," तो म्हणाला.

"अहो, पण हा चर म्हणजे थट्टा आहे! तेच तर छापलंय आम्ही!"

"किती मोठा हवा असं कायद्यात नाही. खाणीच्या नकाशात बसणारा हवा आणि मुदतीत खणलेला हवा."

म्हणजे काकांचं घर, काकूंचा श्वास, सगळ्या गावाची फिरायची जागा एका पारड्यात, आणि दुसऱ्यात पॅटिओच्या आधी उरकलेलं सकाळचं काम. आणि कायद्याला दुसरं जड वाटतं! कंपनीने खोटं बोलण्याचीसुद्धा तसदी घेतली नाही. खरं आम्ही सांगितलं, तेही छापून, फुकट वाटून.

बाहेर लिफ्टपाशी काका म्हणाले, "पुढच्या मुदतीला फोटोबिटो काही नाही. गप्प बसून राहायचं."

"पुढची मुदत नाहीये, काका. एकदा काम सुरू झालं असं ठरलं की परवानगी तशी संपत नाही. त्यांना हवं तेव्हा येतील. दहा वर्षांनी, नाहीतर उद्या."

लिफ्ट आली. ते आत गेले नाहीत. खिशातून फोन काढून नुसता हातात धरून उभे राहिले.

"हिला काय सांगू?"

मी अपिलाबद्दल बोलायला लागले. ते टिकणार नाही हे मला माहीत होतं. तरी लिफ्ट जाऊन परत येईपर्यंत मी बोलतच होते.