आमचे हे नाशिकला जेवतात

परभणी स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो तेवढ्यात सायलीचा फोन आला. "आई, बाबा या खेपेला तरी जेवतील ना गं माझ्याकडे?" मी यांच्याकडे बघितलं. हे बाकावर मांडीवर डबा घेऊन बसले होते. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, दोघांना दोन्ही दिवस पुरेल इतकी. आता लेकीला काय सांगणार? "या म्हणालीस ना, येतोय," एवढंच म्हटलं.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी अन्नाला शिवायचं नाही, असा यांच्या घराण्याचा नियम. माझे सासरे बहिणीच्या घरी पाणीसुद्धा प्यायचे नाहीत, हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. बाकी जगाबरोबर सगळं बदलून घेतलेल्या आमच्या ह्यांनी एवढी एकच गोष्ट घट्ट धरून ठेवली आहे. चहा मात्र चालतो. तो कधीपासून चालायला लागला, ते विचारायची सोय नाही.

मनमाड मागे पडलं आणि खिडकीबाहेर कांद्याची हिरवीगार शेतं लागली. पुढे द्राक्षांच्या बागा. त्या बघण्यात हे इतके रमले की शेजारच्या सहप्रवाशाला द्राक्षावरच्या फवारण्यांविषयी सांगत बसले. आमच्याकडे कापूस आणि सोयाबीन. द्राक्षाचा वेल यांनी त्याआधी एवढ्या जवळून कधी पाहिला होता, देव जाणे. नाशिक रोड आलं तेव्हा भाषण रंगात होतं. घाईघाईत उतरलो, थंडीनं अंग शहारलं, जावई हसत पुढे आले, आणि गाडी हलल्यावर हे म्हणाले, "डबा?"

डबा सीटवर होता आणि सीट मुंबईला निघाली होती.

जावयांनी, म्हणजे प्रशांतरावांनी, पिकअप आणला होता. मागे शेवंतीच्या रिकाम्या जाळ्या (फुलं नि भाज्या भरायचे प्लॅस्टिकचे खोके) होत्या. आम्ही पुढे दाटीवाटीनं बसलो आणि सिन्नरच्या रस्त्याला लागलो. वसाहती संपल्या तसे मळे सुरू झाले. व्याह्यांचा मळा रस्त्यापासून थोडा आत, घराच्या चारी बाजूंनी शेवंती. पिवळी, पांढरी, मधेच जांभळी. दिवस कलला होता, तरी डोळे निवावेत अशी.

सायली दारातच उभी होती. यांच्या पाया पडली आणि लगेच म्हणाली, "बाबा, शेंगोळे करतेय." हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, पिठाचे लांबट वळलेले तुकडे, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेले. यांचा जीव की प्राण. परातीत पीठ मळून तयार होतं. यांनी त्या परातीकडे पाहिलं, तोंड वळवलं आणि म्हणाले, "मला फक्त चहा."

 सायलीनं पिठावर ताट झाकलं आणि चहाचं आधण ठेवलं. मला त्या क्षणी यांचा इतका राग आला की विचारू नका. पण व्याह्यांच्या ओसरीवर नवऱ्याशी भांडायचं कसं?

डबा मुंबईला गेल्याचं कळल्यावर व्याही, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, मांडीवर थाप मारून म्हणाले, "मंग सोपं हाय. बाहेर जाऊ जेवायला. हाटेल काय कोनाच्या लेकीचं घर नाय." यांना हा मुद्दा लगेच पटला. भुकेल्या माणसाला मुद्दे लवकर पटतात.

हॉटेल नाशिक रोडला, एका वसाहतीच्या तोंडाशी. "आमच्या भागात नाव हाय त्याचं," आप्पा वाटेत सांगत होते. "रविवारी तर उभं राहायला जागा नाय." तशी गर्दी होतीच. नंबर लावून आम्ही बाहेर खुर्च्यांवर कुडकुडत बसलो. आत शिरलो तर शेजारच्या टेबलावर वाढदिवस चाललेला. स्पीकरवर गाणं इतकं मोठं की विहीणबाई मला काय सांगत होत्या ते मी शेवटपर्यंत नुसतं मान डोलावून ऐकलं.

भाज्या तीन मागवल्या. आल्या त्या रंगानं तीन आणि चवीनं एक. लाल गोड, हिरवी गोड आणि पांढरी तर खिरीला लाजवेल अशी. बाजरीची भाकरी कडेनं पापडासारखी आणि मधे कच्ची. आप्पांनी वेटरला बोलावलं.

"आमी तिखट सांगितलं व्हतं ना?"

"हो काका. पण मेन आचारी लग्नाला गेलाय गावाला. आज त्याचा भाऊ आहे."

"भाऊ पन आचारीच ना?"

"आचारीच आहे. पण तो मिठाईचं बघतो."

आप्पांचा चेहरा पडला. पाहुण्यांना हौसेनं आणलं नि हे असं! विहीणबाई तर ताटाकडे बघेनात. तेव्हा हे पुढे झाले. "छान आहे की," म्हणाले. भाकरी मोडली, "छान आहे." भात आला, "वा, छान." आप्पांना जरा बरं वाटलं. सायली मात्र खाली मान घालून बसली.

तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. आमच्या घरी यांचं जेवण 'मीठ कमी आहे' या वाक्यानं सुरू होतं. मीठ बरोबर असलं तरी. सायली पहिल्यांदा पोळी-भाजी करायला शिकली तेव्हापासून लग्नापर्यंत तिनं ते रोज ऐकलं, रोज त्यावरून भांडली. 'छान' हा शब्द हे परक्यांसाठी राखून ठेवतात. मंगल कार्यालयातल्या पंगतीत, साहेबांच्या घरी.

परत आलो तेव्हा कुणाचंच पोट भरलेलं नव्हतं आणि कुणीच तसं म्हणत नव्हतं. ओसरीवर येऊन बसलो. मग विहीणबाई पदर खोचून उठल्या. "भाऊ, आमी तुमाला आग्रह करीत नाय. पन मला लय भूक लागली. सायली, उचल ते ताट."

चूल पेटली. लसणाची फोडणी बसली आणि तिचा वास ओसरीवर आला. हे आप्पांशी फुलांच्या भावाविषयी बोलत होते ते हळूहळू बोलायचे थांबले. मग उठले. मला वाटलं, हात-पाय धुवायला निघाले. तर थेट स्वयंपाकघरात जाऊन जावयाशेजारी मांडी घालून बसले.

"मला मिळेल का थोडं?"

सायलीचा पळीवरचा हात थांबला. "बाबा, आणि नियम?"

"आजोबांच्या काळी असली हॉटेलं नव्हती. असती, तर त्यांनीही मोडला असता."

तिनं वाढलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मी मनात म्हणत होते, देवा, आता 'छान' नको. यांनी शेंगोळा भाकरीबरोबर तोंडात घातला, डोळे मिटून चावला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

विहीणबाई लगबगीनं मीठ आणायला वळल्या. सायली हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. "मीठ बरोबर आहे बाबा," ती नाक ओढत म्हणाली, अगदी पूर्वीसारखी भांडत. "तुम्हालाच कळत नाही." माझ्याही डोळ्यांना पाणी आलं आणि ते मी चुलीच्या धुरावर ढकललं. हे तिसऱ्यांदा रस्सा मागत होते.

दुसऱ्या दिवशी शेवंतीत हिंडलो, दुपारी जेवलो, रात्री जेवलो. दर वेळी मीठ कमीच होतं. निघताना सायलीनं हुलग्याचं पीठ बांधून दिलं. ती पिशवी हे परभणीपर्यंत मांडीवर घेऊन बसले, एकदाही खाली ठेवली नाही.

प्रवासाला लोक नवं बघायला जातात. मी या खेपेला माझ्या जुन्याच नवऱ्यात थोडं नवं बघून आले, आणि ते एका वाईट हॉटेलाच्या कृपेनं. त्या मिठाईवाल्या आचाऱ्याला माझा आशीर्वाद आहे.

घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "नाशिकला त्या मोठ्या हॉटेलात जेवलात म्हणे. कसं होतं?"

"छान होतं," हे म्हणाले.

"आणि सायलीच्या हातचं?"

"मीठ कमी होतं."

काकूंना सायलीची फार दया आली. मी समजावण्याच्या भानगडीत पडले नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं आहे, आणि डबा करू नकोस, असं यांनी आत्तापासूनच मला बजावून ठेवलंय.