दाजींच्या पुण्यातल्या खोल्या

वस्तू वेगळ्या ठेवण्याच्या बाबतीत कसबा बावड्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा, म्हणजे आमच्या दाजींचा, हात धरणारा कुणी नाही. असं विधान मी एरवी तपासल्याशिवाय छापायला दिलं नसतं. दाजींच्या बाबतीत तपासायची गरज नाही. त्यांचे चष्मे तीन: पेपरचा, संगणकाचा आणि भांडायचा. तिसऱ्याला नंबर नाही. "समोरचा नीट दिसला की राग जातो," हे त्यांचं कारण. जावयाच्या पहिल्या मटणाच्या जेवणात तांबड्या रश्श्याची पळी पांढऱ्यात पडली, तेव्हा ते ताटावरून उठले होते. यजमान तेच होते.

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर ते प्रोग्रॅम लिहायला शिकले आणि हा सोवळेपणा तिथेही गेला. एक प्रोग्रॅम नदीची पातळी वाचून इशारा पाठवायचा, दुसरा उसाच्या रोपांची नोंद ठेवायचा. पहिल्याला जुनी हत्यारं, म्हणजे जोडीचे छोटे प्रोग्रॅम, लागत, दुसऱ्याला नवी. एकत्र ठेवली की दोन्ही रुसत. म्हणून दाजींनी संगणकात प्रत्येकाला स्वतंत्र खोली करून दिली. संगणक पुण्याला, लेकीच्या फ्लॅटमध्ये, कारण पूर आला की बावड्याची वीज जाते. इथून ते फक्त हुकूम पाठवत. रोजचे हुकूम त्यांनी एका स्क्रिप्टमध्ये ओळीने लिहून ठेवले होते: आधी नदीच्या खोलीत शिर, मग पातळी वाच, मग निरोप धाड.

त्या निरोपावर शेजारच्या सर्जेराव आबांच्या सहा म्हशी अवलंबून होत्या. गोठा नदीकाठी, सखल जागेत. पाणी वाढू लागलं तरी आबा निर्धास्त घरी बसत. इशारा आला की म्हशी सोडायच्या, असं ठरलेलं होतं.

एका पावसाळी सकाळी आबा गुडघ्यापर्यंत भिजून दारात आले.

"सायेब, तुमचा संगणक झोपला व्हय? पाणी गव्हाणीला लागलंय की! म्हशी पवत भाईर काढल्या."

"म्हशी?"

"हायत. तुमच्या भरवशावर ऱ्हायलो असतो तर नसत्या."

दाजींनी भांडायचा चष्मा उचलला आणि परत ठेवला. ते संगणकाशी बसले. हाताने हुकूम दिला की काम चोख होई, स्क्रिप्ट चालवली की नाही. दुपारी उलगडा झाला. खोलीत शिरायचं काम दाजींनी, सवयीप्रमाणे, नुकतंच वेगळ्या स्क्रिप्टमध्ये हलवलं होतं. मोठी स्क्रिप्ट तिला हाक मारी, ती खोलीत शिरे आणि तिथेच संपे. मोठी मात्र बाहेरच्या बाहेर, नको त्या हत्यारांनिशी, खोळंबून राही.

"दुसऱ्यानं आंघोळ केली म्हणून आपला मळ निघतोय काय?" दाजी म्हणाले. "सोता जायला पायजे की."

दुरुस्ती एका शब्दाची होती: आता मोठी स्क्रिप्ट स्वतःच खोलीत शिरे. शिवाय एक ओळ त्यांनी वाढवली: खोलीत शिरल्यावर आधी 'पोचलो' असा निरोप द्यायचा, मगच कामाला हात लावायचा. या घरातून जवळच्या वारणानगरला गेलेला माणूससुद्धा पोचल्याचा फोन करतो.

त्या दिवसापासून रोज सकाळी सहाला पुण्याहून 'पोचलो' येऊ लागलं. ताई एकदा सहज बोलून गेली, "संगणकाला रोज भेटताय. लेकीकडं जाऊन तीन वर्सं झाली. लोणचं बी दुसऱ्याच्या हातनंच धाडताय." आठवड्याने दोघं पुण्याला गेली आणि लेकीच्या आग्रहाने राहिली.

पुढच्या पुराचा इशारा वेळेवर आला. म्हशी कोरड्या पायांनी वर चढल्या. आबांनी माझ्यासमोर दाजींना फोन लावला.

"पोचल्या, सायेब. सहाच्या सहा."

पलीकडून दाजींनी पाणी कुठवर आलं ते विचारलं, पायरी विचारली, गव्हाण विचारली. सगळं आबांच्याच डोळ्यांनी बघावं लागलं. फोन ठेवून आबांनी दाजींच्या बंद घराच्या खिडकीकडे बोट केलं. आत भांडायचा चष्मा तसाच पडून होता.

"इसारलेत," आबा म्हणाले. "न्यायला तर येतीलच की."