लिसनरवाले सर

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी कोणी वाचलंच तर माफ करावं. लिसनरवाले सर विसरायला नकोत म्हणून लिहिते.

गंगापूर रोडच्या ऑफिसात मी झाडलोट आणि चहा करते. सर पन्नाशी ओलांडलेले, मान कायम डावीकडे झुकलेली. चहाचा ट्रे नेला की आधी विचारायचे, "कोण राहिलं?" सगळ्यांना मिळाला असं मी सांगेपर्यंत कपाला हात लावत नसत. तोवर चहावर साय धरायची.

त्यांचं काम त्यांनीच मला समजावलं. मी आपण होऊन विचारलं नसतं. आमच्याकडे मुलींच्या वसतिगृहांचं काम होतं. मुलगी खोली सोडून गेली की तिथला कारकून कॉम्प्युटरवर नोंद करी आणि तो निरोप आमच्या सर्व्हरवर येऊन रांगेत थांबे. त्यात मुलीचं नाव, बापाचं बँक खातं, अनामत तीन हजार. रांगेच्या तोंडाशी सरांनी लिसनर नावाचा प्रोग्राम बसवलेला. तो कान लावून असतो, निरोप आला की उचलतो आणि बँकेला कळवतो.

"एकदा उचलला की निरोप गेला, मावशी. परत मिळत नाही," सर म्हणायचे. "म्हणून लिसनर बसवताना दहादा बघावं."

दहादा बघणाऱ्या माणसाकडूनच चूक झाली. नवीन सर्व्हर लावताना तपासणीपुरता बसवलेला एक लिसनर खऱ्या रांगेवर तसाच चालू राहिला. एक निरोप खरा लिसनर उचली, एक हा. हा बँकेला काही सांगत नसे, नुसतं 'मिळाला' असं लिहून निरोप टाकून देई. पडद्यावर सगळं हिरवं. सुट्टीला मुली घरी गेल्या, निम्म्यांचे पैसे आलेच नाहीत. एकेचाळीस मुली.

सरांनी स्वतःच मॅनेजरला सांगितलं. मी तिथेच टेबल पुसत होते. मॅनेजर म्हणाला, "जे मागायला येतील त्यांना देऊ ना, सर. बाकीच्यांना कशाला उठवता?"

"मागायला येतात ते जवळचे. सुरगाण्याहून कोण येणार? एक दिवसाची मजुरी बुडते."

महिनाअखेरीपासून येऊ नका, असं सरांना सांगण्यात आलं. टाकलेल्या निरोपांबरोबर खात्यांचे नंबरही गेले होते, वसतिगृहांकडून नुसते फोन नंबर मिळाले. तेवढ्या दिवसांत सगळ्यांचं खातं पुन्हा विचारून निरोप नव्याने रांगेत घालायचे होते. पण पैसे परत देतो म्हणून फोन आला तर कोण विश्वास ठेवणार? लोक शिव्या देऊन फोन ठेवत. सर पुन्हा लावत. दुपारपर्यंत त्यांचा आवाज बसायचा.

शेवटी सुरगाण्याकडचे नऊ उरले. "मावशी, तुम्ही तिकडच्या. तुम्ही बोला." मला फोनवर बोलायचीच लाज. सरांनी स्पीकर लावून दिला. पलीकडे एक बाप.

"पैसं देतो म्हणणारी तूच राहिली होतीस. आता ओटीपी विचारशील."

"ओटीपी नको, दादा. खातं नंबर सांगा फक्त."

"आन् मग साफ करशील. दोनशे रुपये हाय त्यात. ने ते पण."

सर हसले. मी आमच्या पाड्याचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं.

"तो एका पायानं लंगडा? बाजारात नागली इकायचा?"

"हो."

"मग हे आधी नाय सांगायचं?"

असे आठ मिळाले. नवव्याचा फोन लागेना. सर रोज लावायचे. शेवटच्या दिवशी दुपारी त्याच्या मुलीने उचलला. बाप कामाला गुजरातकडे गेलेला, ती रेंजसाठी टेकडीवर आली होती. पुढच्या वर्षाची अनामत भरायला पैसे नव्हते म्हणून कॉलेज सोडायचं घरात ठरलं होतं.

"तू विचारलं का नाहीस गं?" मी म्हटलं.

"खोलीतल्या खाटेचा पाय मोडला होता माझ्याकडून. वाटलं, त्याचेच कापले."

सरांनी फोन माझ्या हातातून घेतला. "खाटेचे कापले नाहीत, बेटा. चूक माझी होती."

तिने सांगितलेल्या खात्याचा निरोप रांगेत घातला आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. चार वाजता तिचा मेसेज आला. तीन हजार, पूर्ण. सरांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून डोळे चोळले. मग ऑफिसचा लॅपटॉप उचलून मॅनेजरच्या टेबलावर ठेवून आले.