चार महिने लाल

पंख्यांच्या कारखान्यात महिन्याचे तक्ते ती करायची, म्हणून सगळे तिला तक्तेबाई म्हणत. प्रत्येक विभाग नुसता आकडा पाठवी, ती तो त्या विभागाच्या ओळीत भरी. मागच्या महिन्यापेक्षा आकडा वाढला की चौकट हिरवी, घटला की लाल, हा नियम तिनेच कंप्युटरला घालून दिला होता. मोठे साहेब आकडे वाचत नसत, नुसते रंग बघत.

त्या सकाळी तयार पंखे तपासणारे मास्तर टोपी हातात घेऊन तिच्या टेबलाशी उभे राहिले.

"बाई, दुपारच्या बैठकीत आमचा विभाग बंद करणार म्हणे. सलग चार महिने लाल. हाताखालच्या चौघीजणींना काय तोंड दाखवू?"

"तुमच्या ओळीत आकडा कसला असतो?"

"गिऱ्हाइकांच्या तक्रारींचा. ऐंशीच्या एकतीस केल्या, तरी लालच."

तिने कंप्युटरवर ती ओळ उघडली. विक्रीच्या आकड्यांसाठी केलेला नियम तिने जसाच्या तसा तक्रारींच्या ओळीलाही लावला होता. मास्तर काम जितकं चोख करत, तितके लाल होत.

"मग चार महिने मिठाची गुळणी धरून बसलात?"

"म्हटलं, कंप्युटर सांगतोय म्हणजे असेल काहीतरी."

"कंप्युटर कसला सांगतोय? मी सांगितलं होतं, आणि चुकीचं सांगितलं होतं."

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कुजबुजली, "गुपचूप रंग बदल आणि मोकळी हो."

"म्हणजे मास्तरांनीच काहीतरी लबाडी केली असं सगळ्यांना वाटेल. गप बस."

दुपारी ती न बोलावता बैठकीत शिरली आणि जुना तक्ता, नवा तक्ता शेजारी शेजारी ठेवले.

"नियम कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"माझा. चूकही माझीच."

"चार महिन्यांत लक्षात आलं नाही?"

"नाही. तुमच्याही नाही, साहेब. आकडे समोरच होते."

कुणीतरी खोकलं. साहेबांनी चष्मा लावला आणि ओळीवरून बोट फिरवत वाचलं: ऐंशी, एकाहत्तर, अठ्ठावन्न, चव्वेचाळीस, एकतीस. परत एकदा वाचलं.

"विभाग राहील," ते म्हणाले. "पण तुमच्या कामाच्या नोंदीत ही चूक चढेल, बाई."

"चढू द्या."

वही काखेत मारून ती तडक गोदामात उतरली. गोदामवाला खोकी मोजत होता.

"तुझ्या ओळीतला आकडा वाढला तर बरं की घटला तर?"

"हे आजवर कुणी विचारलंच नाही, बाई."

"आता विचारतेय ना? बोल लवकर, अजून अकरा विभाग उरलेत."