नरसिंहरावांची मातृभाषा

नाव : नरसिंहराव. जन्म व वास्तव्य : बंगळूर. हुद्दा : क्ष-किरण सहायक. मातृभाषा : मराठी; शिवाय कन्नड, तमिळ व इंग्रजी. शेरा : महाराष्ट्रीय रुग्णांसाठी दुभाषी म्हणून भरवशाचे.

घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं, तेव्हाची मराठी त्यांनी जपली होती. मधल्या काळात तिच्यात कन्नड मुरलं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारे सगळे घरचेच.

बासष्ट साली विमान कारखान्यातले इंजिनियर विद्याधर पत्नीला घेऊन इस्पितळात आले. नुकतेच पुण्याहून बदलून आलेले. सुलभाबाईंना मूतखड्याची शंका होती. शिरेत औषध टोचायचं, मग मूत्रपिंडाचे फोटो. ते औषध एखाद्याला सोसत नाही आणि न सोसणाऱ्याला फार वेळही देत नाही, म्हणून आधी एक प्रश्न विचारायचा असतो. तो सगळ्यात घाईत विचारतात. डॉक्टर तमिळ, तेव्हा प्रश्न नरसिंहरावांकडे आला. विद्याधरांना बाहेर बाकावर बसवलं होतं.

"अक्का, कुठल्या औषधानं कधी त्रास झालता काय?"

"तसं काही नाही. पित्त उठतं अधूनमधून. एकदा सल्फाच्या गोळीनं फार उठलं होतं."

नरसिंहरावांच्या घरी पित्त डोक्यात चढतं, चक्कर येते आणि लिंबू चोखलं की उतरतं.

"रात्रीपासून उपाशी, पित्त होणारच की. नंतर स्वल्प लिंबूपाणी घ्या. सरी?"

"लिंबानं जातं होय? आम्ही आपलं आमसुलाचं पाणी लावतो."

"तेही थंडच."

डॉक्टरांना त्यांनी इंग्रजीत कळवलं : विशेष काही नाही, पोटात आम्ल होतं.

सुई गेली.

"अंग गरम होईल, तोंडात लोखंडाची चव येईल. भ्यायचं नाही."

"तळहात खाजताहेत."

"भ्यायचं नाही, अक्का. श्वास धरा."

त्यांनी धरला.

"सोडा," नरसिंहराव म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. मग डॉक्टर धावले.

विद्याधरांना आत बोलावलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुलभाबाईंच्या मानेवर, दंडांवर लाल गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते.

"हे तर तिचं पित्त," विद्याधर म्हणाले.

नरसिंहरावांनी त्या गांधींकडे पाहिलं. याला त्यांच्या घरी वेगळा शब्द होता.

चौकशीत ठरलं की रुग्णाशी तिच्या मातृभाषेतच विचारपूस झाली होती, सबब भाषेची अडचण नव्हती. पूर्वीचा त्रास रुग्णाने सांगितला नाही. नरसिंहरावांचा शेरा कायम राहिला.

सुलभाबाईंनी सांगितलं होतं.